आहेजीबाई

माझी नणंद यशोदाअक्का हिनं माझ्यावर आयुष्यभर पुष्कळ संशय घेतले. लग्नानंतर पहिल्याच आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी खापरावरचे मांडे मुद्दाम फाडते, असा. मग, तिच्या भावाला तिची पत्रं वाचून दाखवताना मी मधल्या ओळी गाळते, असा. त्यांतले एकदोन अगदीच निराधार नव्हते. पण मी तिच्या गाण्यांतले शब्द बदलले, हा संशय साफ खोटा होता, आणि नेमका त्याच्यावरूनच आमचं तुटायला आलं होतं.

अक्काचं सासर धुळ्याजवळ फागण्याला. माझं सासर-माहेर दोन्ही जळगावात. लग्न झालं तेव्हा मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले होते. कानाला हेडफोन, समोर भोकांचा बोर्ड, हातात दोऱ्या. दिवसभर "नमस्कार, कुठला नंबर हवा?" असं गुळगुळीत बोलून बोलून माझी जीभच तशी झाली. घरात सगळे अहिराणी बोलायचे, मी एकटी पुस्तकासारखी. अक्का आली की दारातूनच म्हणायची, "नमस्कार, चहा हवा." मला राग यायचा आणि हसूही.

खानदेशात लेकी दिवाळीपेक्षा आखाजीला माहेरी येतात. उन्हानं जमीन भाजलेली असते, शेतात काम नसतं, निंबाला झोके बांधतात, आमरस आणि मांडे करतात आणि लेकी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणतात. अक्कानं लग्न झाल्यापासून एकही आखाजी चुकवली नाही. माझे यजमान गेले त्या वर्षी ती म्हणाली होती, "भाऊ गया तवयच मन्हं माहेर गयं." मी स्वतः फागण्याला जाऊन तिला घेऊन आले. तेव्हापासून तिचं माहेर म्हणजे मी. आणि खरं सांगायचं तर माझ्या घरात "आहे"ला "शे" म्हणणारं माणूस तेवढं एकच उरलं होतं. मुलं पुण्याला गेलेली. घरात तो आवाज वर्षातून एकदा व्हायचा, आणि मी त्याची वाट पाहायची.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालची. त्याआधीच्या दिवाळीत मी फागण्याला जाऊन अक्काची गाणी टेपवर घेतली होती. आमच्या पिंप्राळ्यातल्या तरुण मुली आखाजीला झोक्यावर बसायच्या, पण सिनेमाची गाणी म्हणायच्या. माझ्या मनात आलं, अक्काच्या गाण्यांची एक छोटी पुस्तिका छापावी आणि आखाजीच्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या माहेरवाशिणींच्या हातात द्यावी. अक्काला विचारलं तर तिनं अट घातली.

"छाप. पन एक सांगस. मी जसं म्हनस तसंच छाप. तुनं एक्स्चेंज त्यामा घालू नको."

"नाही घालणार, अक्का."

"गौराईनी आन?"

"गौराईची आण."

गाणी मी ऐकून ऐकून कागदावर उतरवली आणि तोतारामभाऊंच्या दुकानात नेऊन दिली. तोतारामभाऊ आमच्याच कॉलनीच्या तोंडाशी लग्नपत्रिका छापायचे. ते मूळचे यावलकडचे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून पायानं मशीन चालवण्यात त्यांचा जन्म गेला होता. ते जुनं मशीन मागच्या बाजूला चादर पांघरून उभं होतं, आणि पुढे काचेच्या खोलीत कॉम्प्युटर. कॉम्प्युटरवर लताबाई बसायच्या. त्या नाशिकच्या, नवऱ्याची बदली झाली म्हणून जळगावला आलेल्या. बोलणं स्वच्छ, टायपिंग त्याहून स्वच्छ. शब्द संपला की स्पेस, ओळ संपली तरी स्पेस, इतकी शिस्त.

कॉम्प्युटरला तोतारामभाऊ स्वतः हात लावत नसत. त्याची देखभाल त्यांचा भाचा कौतिक करायचा. तो भुसावळला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवायचा आणि रविवारी पॅसेंजरनं येऊन मामाचं मशीन बघून जायचा. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा तोतारामभाऊ मला कौतुकानं म्हणाले, "आपलं मशीन एकदम साफ असतं, ताई. कौतिकनं आतमध्ये झाडू ठेवला आहे. सकाळी चालू केलं की आपलं आपण झाडून घेतं."

मला त्यातलं काय कळणार? लताबाईंनी मशीन चालू केलं, आम्ही चहा प्यायलो, थोड्या वेळानं पडद्यावर एक चौकट आली. तीत लिहिलं होतं, "झाडू मारून झाला." लताबाईंनी माऊसची टिचकी मारली आणि ती चौकट गेली.

"धूळ काढतं का हे?" मी विचारलं.

"व्हायरस काढत असेल," लताबाई म्हणाल्या. "मी विचारलं नाही. रोज येतं, रोज घालवते."

मी गाण्यांचे कागद दिले. लताबाईंनी पहिली ओवी वाचली आणि ओठ दाबून हसल्या. ते हसू मी लक्षात ठेवलं.

*माहेरनी वाट वाटवर निंब शे
भाऊ मन्हा न्याले उना दारमा उभा शे*

आठ दिवसांनी प्रूफ मिळालं. मी वरवर चाळलं, छान दिसत होतं. अक्काला आनंद व्हावा म्हणून तसंच पाकिटात घालून धुळ्याच्या एस.टी.त ओळखीच्या कंडक्टरकडे दिलं. अक्काची नातसून मंजुळा तिला वाचून दाखवायची. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. फागण्याच्या बूथवरून अक्का बोलत होती.

"कुंदा, मन्हा गानामा आहे कोठून उनं?"

"काय कुठून आलं?"

"आहे. आहे. तुनं आहे." मागे मंजुळाला म्हणाली, "वाच वं तिले." मंजुळानं वाचलं: "वाटवर निंब आहे. दारमा उभा आहे."

मी फोन खाली ठेवला आणि दुकानातून आणलेली दुसरी प्रत काढून पाहिली. खरंच. "मन्हा", "न्याले", "उना", "दारमा" सगळं जागच्या जागी, आणि शेवटी "आहे". गोधडीला रेशमी ठिगळ लावावं तसं. काही ठिकाणी मात्र "शे" राहिला होता. जिथे मी शेजारी स्वल्पविराम दिला होता तिथे "शे", नाही तिथे "आहे". म्हणजे ज्यानं कुणी हे केलं, तो माणूस करता करता कंटाळत असावा, असं मला वाटलं.

माणूस म्हणजे कोण, याचा विचार करायला मला वेळ लागला नाही. मी थेट दुकानात गेले.

"लताबाई, तुम्ही माझी भाषा सुधारलीत का?"

त्या खुर्चीतच वळल्या. "काकू, मी डोळ्यांनी बघते आणि बोटांनी मारते. मधे मेंदू आणत नाही. मेंदू आणला तर पत्रिका होतच नाहीत."

"मग शे चं आहे कसं झालं?"

"तुमच्याच कागदात असेल."

कागद समोर धरला. माझ्या अक्षरात स्वच्छ "शे". लताबाईंनी तो पाहिला, प्रूफ पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत होतं की ही बाई घरी गेल्यावर कागद बदलून आणते. माझ्या नजरेत काय असेल ते त्यांनाही दिसलंच असणार. तोतारामभाऊ मधे पडले. "आता ताईंच्या समोर बसून नीट करा बरं, लताबाई. जुळवणीत चूक होते. आमच्या खिळ्यांच्या वेळी तर एका पत्रिकेत नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव गेलं होतं."

मी स्टूल ओढून शेजारी बसले. एकेक "आहे" काढून "शे" घातला. माझ्या डोळ्यांदेखत. सगळा पडदा "शे", "शे", "शे". लताबाईंनी ते साठवलं, मशीन बंद केलं, शटर ओढलं. दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडायच्या वेळेला हजर. मशीन चालू झालं, चहा आला, झाडू मारून झाला, लताबाईंनी पान छापलं.

वाटवर निंब आहे.

लताबाई हळू म्हणाल्या, "दुकान बंद झाल्यावर कुणीतरी आत येतं."

"किल्ली माझ्याकडे आहे भो," तोतारामभाऊ म्हणाले, आणि ते म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आलं की आपण आपल्यावरच संशय ओढून घेतला.

"तुम्हाला काय पडलं आहे शे चं?" मी विचारलं.

"मला काहीच नाही पडलं. आमच्या यावलकडे शे म्हणतच नाहीत. पण मी कशाला..." ते थांबले आणि एकदम गप्प झाले. तो गप्पपणा मला आवडला नाही.

त्या दिवशी लताबाईंनी पुन्हा सगळीकडे "शे" घातला, आणि संध्याकाळी तोतारामभाऊंनी आपला निर्दोषपणा सिद्ध करायला एक युक्ती केली. शटर ओढण्याआधी काचेच्या खोलीच्या उंबऱ्यापासून मशीनपर्यंत बारीक रांगोळी चाळणीनं पसरली, आणि कीबोर्डवरही चिमूटभर. "पूर्वी शेतात केळीचे घड चोरीला जायचे तेव्हा माझा बाप वाटेवर राख टाकायचा. पाय उमटला की माणूस सापडला." किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. मी ती पदराला बांधून नेली.

सकाळी मीच शटर उघडलं. रांगोळी जशीच्या तशी. मुंगीचा पाय नाही. लताबाईंनी कीबोर्ड फुंकून साफ केला, मशीन चालू केलं, आम्ही चहा प्यायलो. पान निघालं.

दारमा उभा आहे.

"भूत आहे," लताबाई म्हणाल्या.

"शुद्ध बोलणारं भूत," तोतारामभाऊ म्हणाले. "एखादा मेलेला हेडमास्तर असेल."

आम्हाला हसू आलं, पण दुकानातून बाहेर पडताना लताबाईंनी माझ्या पदराच्या गाठीकडे पाहिलं ते मी पाहिलं. किल्ली तर माझ्याकडे होती.

घरी आल्यावर अक्काचा फोन. मी तिला नीट केलेलं प्रूफ पाठवते म्हणून सांगितलं होतं. आता काय सांगणार? मी रांगोळीची गोष्ट सांगितली. ती ऐकून घेत होती. ऐकून घेत होती म्हणजे तिचा विश्वास बसत नव्हता.

"कुंदा, तुले दुसरासना बोलनामा हात घालानी सवय शे. एक्स्चेंजमा तू बठ्ठासना फोन ऐके."

"ते फक्त लाईन लागली का बघायला, अक्का."

"हा. मी काय बोलस ते तुले आवडत नही, हाई माले पहिला दिननं ठाऊक शे. तू तोंडवर हसनी नही, पन घरमा जाईसन हसनी. मन्हा गाना माले परत दे. आखाजीले मी येवाव नही."

"अक्का, मी गौराईची आण घेतली होती."

"म्हनीसनच येवाव नही. आन मोडेल घरमा गौराई बसत नही."

फोन ठेवल्याचा आवाज मला ओळखीचा होता. एक्स्चेंजमध्ये हजारो वेळा ऐकलेला. कोण दमून ठेवतो, कोण रागानं ठेवतो आणि कोण रडू आलं म्हणून ठेवतो, हे मला आवाजावरून कळायचं. अक्कानं फार हळू ठेवला.

त्यानंतर रविवारपर्यंत मी काही केलं नाही. आखाजी जवळ आली होती. अंगणातल्या निंबाला दोर बांधायला दरवर्षी मी शेजारच्या भिकनला सांगायची, त्या वर्षी सांगितलं नाही. सोमवारी सकाळी गाणी परत आणायला म्हणून दुकानात गेले. पुस्तिका नाही तर नाही. कागद आणि टेप अक्काला देऊन टाकावी आणि तिच्या ओट्यावर बसून बोलणी खावीत, एवढंच मनात होतं.

लताबाईंनी मशीन चालू केलं होतं, चहा झाला होता. त्यांचा चेहरा उतरला होता.

"काकू, एकदा शेवटचं बघून जा. मुखपृष्ठसुद्धा काढलं आहे." त्यांनी कागद पुढे केला आणि पाठ फिरवली.

मुखपृष्ठावर मोठ्या अक्षरात होतं: *आखाजीनी गाणी — यशोदाबाई आहेवाळे.*

अक्काचं आडनाव शेवाळे.

मी चष्मा पुसला. आतलं पान उलटलं. तिथं माझं सगळ्यांत आवडतं गाणं होतं. शेजारणीकडे गौराईसाठी फूल मागायचं. अक्का ते म्हणायची तेव्हा "शे"वर झोका पुढे जायचा आणि पुढच्या "शे"वर मागे यायचा.

*शेजीबाई शेजी तुना अंगनमा शेवंती शे
एक फूल दे वं माले गौराई मन्ही उपाशी शे*

आणि छापलं होतं:

*आहेजीबाई आहेजी तुना अंगनमा आहेवंती आहे
एक फूल दे वं माले गौराई मन्ही उपाशी आहे*

आधी माझं डोकं तापलं. मग मी ते मोठ्यानं वाचलं, आणि वाचताना थांबले. लताबाईंना म्हटलं, "तुम्ही नाशिकच्या. तुम्ही शेजीबाईला आहेजीबाई कराल का?"

"काहीतरीच काय."

"तोतारामभाऊ, तुम्ही शेवंतीला आहेवंती म्हणाल?"

"मी काय दारू प्यालोय?"

"म्हणजे माणसाचं काम नाही हे. हेडमास्तराच्या भुताचंही नाही. ज्याला शेवंती माहीतच नाही, त्याचं काम आहे."

तेवढ्यात बाहेरून एक शेतकरी सकाळीच नेलेला पत्रिकेचा नमुना घेऊन आत आला. त्याचा आवाज चढलेला होता. त्याच्या व्याह्याच्या गावाचं नाव शेंदुर्णीच्या जागी आहेंदुर्णी छापलं होतं. तोतारामभाऊ कपाळाला हात लावून खुर्चीत बसले. मी त्या पत्रिकेकडे बघत होते, आणि मला एकदम आठवलं की मशीन चालू झाल्यावर आणि चहा संपायच्या आधी रोज एक चौकट येते. आम्ही रांगोळी घालून ज्याची वाट पाहत होतो तो रोज सकाळी आमच्यासमोर येऊन काम करून, काम झालं असं सांगूनही जात होता.

"तोतारामभाऊ, तो झाडू नक्की काय झाडतो?"

"कचरा, ताई. कौतिक म्हणाला, मामा, मशीनमध्ये झाडू ठेवला आहे, आता काळजी करू नको. मी म्हटलं, बरं."

"आणि त्याआधी तुम्ही त्याला काय म्हणाला होता?"

ते पुन्हा त्या दिवशीसारखे गप्प झाले, आणि या वेळी मी त्यांना गप्प राहू दिलं नाही. तेव्हा बोलले. मागच्या लग्नसराईत धुळ्याकडच्या एका माणसानं मजकूर लिहून आणला होता, त्यात "आपली उपस्थिती प्रार्थनीय शे" असं होतं. तसंच छापलं गेलं. मुलगी जळगावच्या वकिलाकडे दिलेली. वकिलानं सगळ्या पत्रिका दुकानात आणून टाकल्या. "मी कौतिकला एवढंच म्हटलं की आपल्या मशीनला कुणीतरी शुद्ध बोलायला शिकवा भो. गंमतीनं म्हटलं. शे निघालं की मला तेच आठवतं, म्हणून मी परवा बोललो नाही. पण मी झाडूचा आणि त्याचा संबंध लावलाच नाही, तुमची शप्पथ."

मी दुकानातूनच भुसावळला क्लासमध्ये फोन लावला. कौतिक दुपारच्या गाडीनं आला. तिशीचा, बारीक, खिशाला दोन पेनं. आहेवंती वाचून तो हसला नाही. त्याचे कान लाल झाले.

"कालच मी ते सुधारलं," तो म्हणाला. "आधी मी त्याला सांगितलं होतं की शे च्या अलीकडे-पलीकडे मोकळी जागा असेल तरच बदल. पण स्वल्पविराम असला की शे सुटून जायचा. म्हणून मोकळ्या जागेची अट काढून टाकली."

"म्हणजे जिथे दिसेल तिथे?"

"जिथे दिसेल तिथे."

त्यानं आम्हाला झाडू दाखवला. मला वाटलं होतं काहीतरी मोठं यंत्र असेल. एका साध्या फाईलमध्ये इंग्रजी अक्षरांच्या वीस-पंचवीस ओळी होत्या, कंस आणि अर्धविराम यांनी भरलेल्या. तो म्हणाला, याला जावास्क्रिप्ट म्हणतात, हिचं मूळ काम इंटरनेटची पानं हलती-बोलती करायचं, पण नव्या विंडोजमध्ये हिच्याकडून घरच्या मशीनलाही हुकूम देता येतात. मी विचारत गेले आणि तो सांगत गेला. मशीन चालू झालं की ही फाईल आपण होऊन उठते. पत्रिकांचं कपाट उघडते. त्यातली एकेक फाईल वर्डकडे देते. वर्डला म्हणते, हा शब्द शोध, त्याच्या जागी हा ठेव, साठव, बंद कर, पुढची घे. लताबाई ज्या ज्या गोष्टी हातानं करतात त्या सगळ्या ती करते, फक्त लताबाईंना न विचारता.

"आणि तिला शे म्हणजे काय ते कळतं?"

"नाही, काकू. तिला मराठीच कळत नाही. हे मराठी अक्षर आपल्याला दिसतं, पण खाली इंग्रजीच अक्षरं असतात, वरून फॉन्टचा मुखवटा. तिला फक्त ती तीन-चार चिन्हं ओळीनं दिसली की ती बदलते."

मला माझा बोर्ड आठवला. या भोकातली दोरी त्या भोकात. फरक एवढाच की मी ऐकायची. अक्का म्हणते ते खोटं नव्हतं, मी थोडं ऐकायचीच. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, हे मला त्यांच्या शेजाऱ्यांआधी कळायचं. हा झाडू मात्र काहीच ऐकत नव्हता.

लताबाई इतका वेळ पडद्याजवळ तोंड नेऊन, टायपिंगच्या सवयीनं त्या ओळींतले मराठी शब्द लावत होत्या. "यात बदलायचे शब्द इथे लिहिलेत ना? शे चं आहे, बठ्ठा चं सगळा. अजून काय काय?"

"एवढेच. हळूहळू वाढवणार होतो."

"तुमच्या यावलकडचे कुठले?" मी विचारलं.

कौतिकनं माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडे 'कुठी चालला' म्हणतात. 'का'ला 'काऊन' म्हणतात. ते शब्द यात नाहीत का?"

त्यानं खिशातलं एक पेन काढून पुन्हा खोचलं. "ते कधी लक्षातच आलं नाही, काकू. आमचं आमच्या कानाला चुकीचं वाटत नाही ना."

तोतारामभाऊ खो खो हसले. "मेल्या, झाडू फक्त दुसऱ्याच्या अंगणात."

कौतिकनं झाडू काढून टाकला, लताबाईंनी सगळे "शे" पुन्हा जागेवर घातले आणि पुस्तिका छापायला घेतली. मी त्याला म्हटलं, ते मुखपृष्ठ मात्र मला हवं आहे, चुकीचंच. त्याच कंडक्टरकडे मी ते आहेवाळ्यांचं मुखपृष्ठ आणि आहेजीबाईचं पान अक्काला पाठवलं, आणि सोबत दोन ओळी, की हे माणसानं केलेलं नाही, मशीननं केलं.

दुसऱ्या दिवशी फोन यायला हवा होता तो आला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी आला.

"कुंदा, मशीनले तोंड शे का?"

"नाही, अक्का."

"मंग ते कसं बोलस? कोनी तरी शिकाडंच व्हई ना त्याले."

"हो. शिकवलं. तोतारामभाऊंच्या भाच्यानं. कौतिक त्याचं नाव."

"आनि त्याले कोन शिकाडं?"

याचं उत्तर तिला नको होतं असं वाटतं, कारण तिनं लगेच विचारलं, "निंबले दोर बांधा का?"

मी म्हटलं, "आज बांधते." माझा आवाज एक्स्चेंजमधल्यासारखा राहिला नाही एवढं आठवतं.

संध्याकाळी ऊन उतरता उतरता रिक्षा थांबली. अक्का उतरली, मंजुळा मागून, हातात कैऱ्यांची पिशवी. अक्का दारात उभी राहिली, आत आली नाही.

"आहेजीबाई, घरमा शेस का?"

"आहे, अक्का."

"हा. आहेच व्हई."

पण संशय असा एका विनोदानं जात नाही. हातपाय धुऊन झाल्यावर तिनं छापून आलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा मागितला, मंजुळाला समोर बसवलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायला लावलं. मी पुरण वाटत होते. प्रत्येक "शे" ला अक्का बोटानं जमिनीवर टिचकी मारायची आणि स्वयंपाकघराकडे बघायची. मुखपृष्ठावर मंजुळानं "शेवाळे" वाचलं तेव्हा ती म्हणाली, "आखो एकदाव वाच." मंजुळानं पुन्हा वाचलं. मग गठ्ठ्याच्या मधली एक प्रत काढून तिच्यातलं तेच पान वाचायला लावलं. वरच्या प्रती चांगल्या ठेवून खालच्या बिघडवल्या असतील, हे तिला सुचलं होतं. मला सुचलं नसतं.

दुसऱ्या दिवशी घागर पुजली, मांडे केले. अक्कानं खापरावर माझ्या हातून एक मांडा फाटलेला पाहिला आणि काही बोलली नाही, म्हणून मलाच चुकल्यासारखं झालं. दुपार कलल्यावर गल्लीतल्या पोरी निंबाखाली जमल्या. तोतारामभाऊ पुस्तिका वाटायला स्वतः आले, लताबाईही आल्या. त्यांनी एक गाणं वाचून म्हणून बघितलं, "शे" अगदी नाशिकसारखा काढला, पोरी हसल्या, त्याही हसल्या.

मग अक्का झोक्यावर बसली. गुडघे दुखत होते तिचे, दोघींनी धरून बसवलं. मी मागून झोका दिला. तिनं शेवंतीचं गाणं धरलं. पोरी पुस्तिकेत बघून तिच्या मागे म्हणू लागल्या. पहिल्यांदा सरळ म्हटलं. दुसऱ्यांदा झोका मागे आला तेव्हा तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि मुद्दाम म्हटलं:

*आहेजीबाई आहेजी तुना अंगनमा आहेवंती शे...*

पोरी पुस्तिकेत शोधू लागल्या, हे कुठल्या पानावर आहे म्हणून. अक्का माझ्याकडेच बघत होती, मी हसते का, आणि हसले तर कशाला, ते तपासत. मी हसले नाही. ओळ संपेपर्यंत तोंड आवळून धरलं आणि झोका जोरात ढकलला.

"हसनी," अक्का पुढे जाता जाता पोरींना म्हणाली. "तोंडवर नही हसनी, पन मनना मझार हसनी. माले कळस."